चाळीस मायक्रॉन

भोसरीत, टी ब्लॉकच्या मागच्या गल्लीत
अठरा वर्षं मी एकही पीस मारला नाही.
मारला म्हणजे वाया घालवला, आमच्या भाषेत.
भिंतीवर पितळी पट्टी आहे:
सौ. कुंदा ज. वाबळे, रिजेक्शन शून्य.
ते शून्य मी रोज फडक्याने पुसायचे,
दिवाळीला ब्रासोने.

मग माझं लेथ भंगारात गेलं.
क्रेनने उचललं तेव्हा त्याच्या पायाखालची फरशी
तेवढीच नव्या रंगाची निघाली.
बोऱ्हाडे साहेब म्हणाले, ताई, सोमवारपासून सीएनसीवर.
सोबत रेवण. अक्कलकोटचा, आयटीआय झालेला,
बावीस वर्षांचा, मिसरुडालाही कूलंटचा वास.

मी वही केली, दोनशे पानी.
डाव्या पानावर कोड,
उजव्या पानावर काय चुकलं तर काय होईल.
उजवी पानं आधी भरली.

रेवणने वही केली नाही.
पहिल्या आठवड्यात तीन इन्सर्ट फोडले,
चौथं फोडताना शिट्टी वाजवत होता.
"ताई, असं केलं तर काय होतं, बघू,"
हे त्याचं रोजचं वाक्य.
माझंही तेच.
फक्त शेवटचा शब्द माझ्याकडे नव्हता.

नवव्या दिवशी तो स्वतः प्रोग्रॅम लिहायला लागला.
नवव्या दिवशीही माझा हात
लाल बटनावर पालथा,
अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा.
हिरवं बटन तिथून वीतभर.

घरी हे म्हणाले, घाबरतेस कशाला,
काढून थोडेच टाकतायत?
काढतील याची भीती नव्हतीच हो.
भीती त्या पितळेची,
जे मीच घासून घासून एवढं चमकवलं होतं.

एका दुसऱ्या पाळीत मशीनचा आवाज बदलला.
फार नाही. पोळी तव्यावर जरा जास्त राहिली
की वास यायच्या आधी कळतं ना, तेवढाच.
कोंबडीने बूड दाबलं.
सगळं थांबलं.
चकचा एक जबडा सैल झालेला.
अजून अर्धं मिनिट, आणि दीड किलोचं लोखंड
काच फोडून बाहेर, रेवणच्या छातीच्या उंचीवर.
तो बराच वेळ शिट्टी विसरला.
मग म्हणाला, ताई, ऐकलंत काय नेमकं?
मला सांगता येईना.
त्याने वही मागून घेतली,
उजवी पानं वाचत बसला चहा गार होईपर्यंत.
एका ठिकाणी हसला.
हसू दे.

ट्रेनिंगच्या फळ्यावर साहेबांनी लिहिलं: चुका टाळा.
त्याच्या खाली: नवीन शिका.
दोन्ही एकाच मार्करने, आणि चहाला निघून गेले.

शनिवारी पाळी सुटल्यावर मी मागे राहिले.
भंगाराच्या ढिगातून एक बार उचलला, बांधला,
जबडे दोनदा तपासले, तिसऱ्यांदाही,
आणि हात वीतभर सरकवला.
काचेवर दुधासारखं कूलंट उडालं, आतलं काही दिसेना.
ते अडीच मिनिटं मी काय केलं, आठवत नाही.
पीस बाहेर आला, कोमट. मायक्रोमीटर लावला.
चाळीस मायक्रॉन कमी.
जास्त असता तर पुन्हा कापता आला असता;
कमी झालेलं लोखंड भरून येत नाही.
अठरा वर्षांतला माझा पहिला मेलेला पीस.
कुणी ओरडलं नाही.
वॉचमन शेलार दारातून म्हणाला, बाई, लाइट बंद करा जाताना.

ऑफसेट किती चुकला ते लिहून ठेवलं.
या वेळी डाव्या पानावर.

पीस डब्याच्या पिशवीत टाकला.
नाशिक फाट्याला बसमध्ये गर्दी चढली,
शेजारच्या बाई म्हणाल्या, एवढं जड काय हो?
म्हटलं, शाळेतलं आहे.

आता टीव्हीशेजारी ठेवलाय.
दिवाळीला ब्रासो लावून पाहावं म्हणते.
लोखंडाला चालत नसेल बहुतेक.
बघू.